नुसतं फिरून भागत नाही: को-नीडरचा स्क्रू

मिक्सर म्हटलं की डोळ्यासमोर गोल फिरणारं पातं येतं, पण केबलच्या पीव्हीसी कंपाउंडच्या लाइनवर काम केलेल्या माणसाला विचारा, तो को-नीडर या माल मळणाऱ्या मशीनबद्दल अर्धा तास सोडणार नाही. मी पण त्यातलाच.

यात स्क्रू एकच असतो आणि तो फिरता फिरता मागेपुढे पण होतो, एका फेऱ्यात एकदा पुढे जाऊन परत मागे. १९४० च्या दशकात हाइन्झ लिस्ट या इंजिनिअरने ही आयडिया काढली आणि स्वित्झर्लंडच्या बुस कंपनीने त्याची मशीन बनवली. ॲल्युमिनियम स्मेल्टरसाठी लागणारी कोक आणि पिचची ॲनोड पेस्ट पण यातच मळतात बरं का.

आता खरी गंमत आतमध्ये आहे. स्क्रूचे आटे सलग नसतात, जुन्या क्लासिक डिझाइनमध्ये एका वेढ्यात तीन ठिकाणी तोडलेले असतात, आणि बॅरलला आतून पिना बसवलेल्या असतात ज्या जागच्या हलत नाहीत. स्क्रू फिरला की पिन त्या तुटलेल्या जागेतून पलीकडे जाते. पण नुसता फिरला असता तर पिन दर वेळी त्याच एका रेषेतून गेली असती आणि आट्याच्या कडेला चिकटलेला माल तिथेच बसून करपला असता! स्ट्रोकमुळे, म्हणजे स्क्रूच्या त्या मागेपुढे होण्यामुळे, पिन आट्याची एक बाजू घासत जाते, मग फटीतून पलीकडे, मग दुसरी बाजू. बॅरल उलगडून कागदासारखी सपाट केली असं समजा आणि स्क्रूवर बसून पिनेकडे बघा, तिची वाट नागमोडी दिसेल, साइन वेव्ह. म्हणजे साफसफाई पण तीच करते आणि पिन व आटा यांच्यामधल्या छोट्या गॅपमध्ये मालाला शिअर (घासून-ताणून मळणारा जोर) पण तिथेच मिळतो, सगळ्या मालाला साधारण सारखाच. म्हणून तापमान आटोक्यात राहतं, आणि पीव्हीसीला किंवा २०० अंशाच्या आसपास पाणी सोडायला लागणाऱ्या एटीएचला (ॲल्युमिनियम ट्रायहायड्रेट, केबलमधली आग रोखणारी पावडर) हेच तर हवं असतं. ट्विन स्क्रू, म्हणजे दोन स्क्रूंचं मशीन, जास्त प्रकारचे माल चालवतं हे मान्य, पण उष्णतेला नाजूक मालासाठी माझं मत को-नीडरलाच.

फुकट काहीच मिळत नाही, त्याची किंमत गिअरबॉक्स मोजतो. समजा स्ट्रोक २० मिमी आणि स्पीड ३०० आरपीएम. त्रिज्या धरायची स्ट्रोकच्या निम्मी, ०.०१ मीटर, ओमेगा (फिरण्याचा वेग, रेडियन प्रति सेकंद) साधारण ३१.४, म्हणजे त्रिज्या गुणिले ओमेगाचा वर्ग केला की त्वरण निघतं ९.८ च्या आसपास, चक्क एक जी, पृथ्वीच्या गुरुत्वाएवढं! म्हणजे स्ट्रोकच्या दोन्ही टोकांना स्क्रूला थांबवून उलटं पाठवायला त्याच्या स्वतःच्या वजनाएवढं बळ लागतं, आणि ते सेकंदाला दहा वेळा. स्पीड दुप्पट केलात तर बळ चौपट. म्हणून गिअरबॉक्सच्या तेलाच्या बाबतीत चालढकल करणाऱ्यांवर माझा फार राग आहे.

लाइट गेली आणि माल आत थिजला तरी टेन्शन नाही, बॅरल पुस्तकासारखी उघडते. बऱ्याच ट्विन स्क्रूंमध्ये अख्खे स्क्रू ओढून काढावे लागतात, ज्याने केलंय त्यालाच माहीत.

एक खोड मात्र आहे, माल तोंडाशी ढकलून-ढकलून, धक्क्याधक्क्याने येतो आणि प्रेशरही फार तयार होत नाही. म्हणून पुढे वेगळा डिस्चार्ज स्क्रू किंवा गिअर पंप लावतात, तो प्रेशर देतो आणि मगच डायमधून एकसारखे ग्रॅन्युल कापता येतात.