हॉवर्थियाच्या मुळांवरचा मिलीबग: अड्डा सापडला!

हॉवर्थिया या छोट्या रसाळ रोपांच्या मुळांना मिलीबग, म्हणजे पांढऱ्या मेणाने झाकलेली रस शोषणारी कीड, लागली होती. इमिडाचं (इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाचं) ड्रेंचिंग, म्हणजे ते पाण्यात मिसळून मातीत ओतणं, झालं, ट्रे वेगळा काढला, इथपर्यंत मागच्या वेळी लिहिलं होतं. तरीही कूपरीच्या (हॉवर्थियाची एक जात) कुंडीत पुन्हा पांढरं निघालं. पण आता ते नेमकं कुठे तग धरतं हे कळलंय.

कूपरी उपटली तर मातीच्या गोळ्याच्या आतली मुळं स्वच्छ होती. सगळी वस्ती बाहेरच्या अंगाला, कुंडीच्या भिंतीला चिकटलेल्या मुळांवर आणि भोकावरच्या जाळीत. परलाइट (मातीच्या मिश्रणातले पांढरे हलके दाणे) की कीड, अशी शंका येत असेल तर ७०% आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा थेंब टाकून भिंगातून बघा. मेण विरघळतं आणि आतला किडा उघडा पडतो. परलाइट तसाच राहतो.

हेच मेण आपल्याला छळतं. साधं पाणी त्यावरून घरंगळतं, अंडीही कापसासारख्या पुंजक्यात सुरक्षित असतात. इमिडा आंतरप्रवाही खरं, पण रोप सुप्तावस्थेत असेल तर मुळं पाणीच ओढत नाहीत, मग औषध रसात चढणार कसं? कडक उन्हाळ्यात हॉवर्थियाला नुसतं ड्रेंच करण्यावरचा माझा विश्वास उडालाय.

म्हणून कूपरीची माती पूर्ण झाडली, मुळं साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशने धुतली, पोकळ मुळं कापली. जखमा सावलीत सुकल्यावरच नव्या कोरड्या मिक्समध्ये लावली. जुनं मिक्स सरळ फेकलं. दाट पीटच्या (दलदलीतल्या सेंद्रिय मातीच्या) गोळ्यात रोपं विकणाऱ्यांवर माझा राग आहे. तो गोळा मुळांभोवती तसाच राहतो आणि आत काय चाललंय ते दिसतच नाही.

ट्रंकाटा (हॉवर्थियाची दुसरी जात) मात्र किडीतून सुटली! नव्या जाड मुळांची टोकं काचेसारखी स्वच्छ आहेत, बाजूला रोपाचं एक पिल्लूही डोकावतंय. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

पुढे अख्ख्या शेल्फच्या कुंड्या बदलायच्या असं ठरवलं होतं. पण लिहिता लिहिताच सुचलं: कीड भिंतीलगतच दिसते, तर पारदर्शक कुंड्या का नकोत? ऑर्किडवाले वापरतातच. बाहेरून अपारदर्शक कुंडी घातली की शेवाळ धरणार नाही, आणि आतली कुंडी उचलली की रोप न उपटता तपासणी. त्यामुळे आता सगळी रोपं उपटत नाही. संशयितांनाच पारदर्शक कुंडीत हलवते, बाकीच्यांची फक्त जाळी तपासते. सामाईक ट्रेमधून खालून पाणी देणं मात्र आजपासून बंद, कारण मिलीबगची पिल्लं भोकातून निघून शेजारच्या कुंडीत शिरतात. मुंग्यांचाही बंदोबस्त हवा, त्या चिकट स्रावासाठी मिलीबगला सांभाळतात.

इमिडा दिलेल्या रोपांचे फुलांचे दांडे कळीतच कापते, मधमाश्यांसाठी. एचेव्हेरिया या रसाळ रोपावर नीम तेल नकोच, पानांवरची फॅरिना (पांढरी पावडर) जाते आणि उन्हात डाग पडतात.

अ‍ॅलोच्या पानाच्या बुडाशी खडबडीत गाठी दिसतायत. तो गॉल माइट (गाठी आणणारा सूक्ष्म कोळीवर्गीय जीव) असेल तर इमिडाचा उपयोग नाही, कारण माइट कीटक नव्हे. गाठींचा भाग खोलवर कापून रोप वेगळं ठेवतेय. त्याचं पुढच्या अपडेटमध्ये.