दोन वायरींच्या जोरावर: आमची वाटचाल

सांगलीत माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. पुढे जुना टीव्ही दुरुस्त करण्यापेक्षा नवा घेणं लोकांना परवडायला लागलं आणि कामाला ओहोटी लागली. त्याच सुमारास सौ.ला कॅलिफोर्नियात फ्रेस्नोला नर्सची नोकरी लागली. मी सोल्डरिंग आयर्न आणि मीटर बॅगेत टाकून तिच्यामागे आलो. इथे या वयात मला कोण उभं करणार, असं वाटत होतं. उभं केलं ते नव्याण्णव नंबरच्या हायवेवरच्या पंजाबी ट्रकवाल्यांनी. त्यांच्यातल्याच एकाच्या यार्डात पत्र्याची खोली भाड्याने मिळाली. "भाजी, सीबी ठीक कर लोगे?" हा त्याचा पहिला प्रश्न (पंजाबीत 'भाजी' म्हणजे भाऊ). सीबी, म्हणजे ट्रकवाल्यांचा आपसात बोलायचा रेडिओ, मी तोवर हातातसुद्धा घेतला नव्हता, पण उघडून पाहिल्यावर ओळखीचीच मंडळी आत बसलेली दिसली.

आपल्याकडे ट्रकमध्ये हे यंत्र सहसा दिसत नाही, म्हणून थोडं सांगतो. सीबी म्हणजे सिटिझन्स बँड. २७ मेगाहर्ट्झच्या आसपास ४० चॅनेल, नेहमीच्या एएम पद्धतीने बोलताना कायद्याने ४ वॉटची मर्यादा, लायसन्स लागत नाही. काही मैलांपुरतं बोलणं होतं. ट्रकवाले देशभर १९ नंबरच्या चॅनेलवर असतात, आमच्या आय-५ हायवेवर बरेच जण १७ वर. आमच्या खोऱ्यात हिवाळ्यात 'टूली फॉग' नावाचं धुकं पडतं, समोरच्या गाडीचा दिवा दिसत नाही. नोव्हेंबर २००७ मध्ये फ्रेस्नोजवळ नव्याण्णव नंबरच्या हायवेवर धुक्यात शंभराहून जास्त गाड्या एकमेकींवर आदळल्या होत्या. अशा वेळी पुढचा ड्रायव्हर "ब्रेक मार" म्हणतो ते सीबीवरच. २०१२ पासून ट्रकवाल्यांना चालवताना फोन हातात धरायला बंदी आहे, सीबीला मात्र त्यातून सूट आहे.

तर काम सुरू झालं, आणि एक गोष्ट लवकरच लक्षात आली. "रेडिओ मेला" म्हणून आलेले कितीतरी सेट माझ्या टेबलावर ठणठणीत चालायचे. दुखणं मागच्या प्लगात असायचं. बऱ्याच सेटना मागे तीन पिनांचा प्लग असतो, त्यातल्या दोनच कामाच्या. ड्रायव्हर चोरीच्या भीतीने रात्री सेट काढून घेतो, सकाळी लावतो, ट्रक बदलला की पुन्हा काढतो. आतली पितळी पाती पसरतात, पकड सुटते, सांधा तापतो आणि पिनेभोवतीचं प्लॅस्टिक पिवळं पडून मऊ होतं. वर कुणीतरी वायर पिळून टेप गुंडाळलेली, आणि दुसरं टोक सिगारेट लायटरात. खड्डा आला की रेडिओ बंद.

म्हणून मी गिऱ्हाइकासमोरच मीटर लावतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्टच्या आसपास दिसतात. मग त्याला माइक दाबून बोलायला सांगायचं आणि सेटच्या मागे मोजायचं. आकडा साडेअकरावर आला आणि शब्दागणिक डायलचा दिवा मंदावला, की पुढे मला काही समजावून सांगावं लागत नाही.

आम्ही जुना प्लग सेटपासून वीतभर वायर ठेवून कापतो आणि तिथे अँडरसन पॉवरपोल नावाचे जोड बसवतो. लाल-काळी प्लॅस्टिकची घरं, नर-मादी भेद नाही, दोन्ही टोकं सारखीच. हॅम, म्हणजे हौशी, रेडिओवाल्यांची लाल-काळ्याची जी ठरलेली मांडणी आहे तीच आम्ही पाळतो, म्हणजे कुणाचंही टोक कुणालाही बसतं. ते क्रिम्पच करायचं, म्हणजे वायर पक्कडीने दाबून बसवायची. सोल्डर मारलं आणि कथील पुढे धातूच्या जिभेवर चढलं, की ती घरात नीट बसत नाही. क्रिम्प झालं की जोर लावून ओढायचं, निघालं तर पुन्हा करायचं. दुसऱ्या टोकाला रिंग टर्मिनल, कारण इथल्या बऱ्याच ट्रकांत सीबीसाठी लाल-काळे बोल्ट आधीच दिलेले असतात. लायटरला कायमची रजा.

फ्यूज जिथल्या तिथे राहतो, त्यावर मी वाद घालत नाही. कित्येक सेटमध्ये उलट जोडणीपासून वाचवायला एक डायोड असतो. वायरी उलट्या लागल्या की तो शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो. फ्यूजला चंदेरी कागद गुंडाळला असेल तर डायोड जळतो आणि बोर्डावरची तांब्याची पट्टीही उचलून येते. असे सेट महिन्याला येतातच. चॉकलेटचा कागद त्यासाठी भारी चालतो, असं एकाने मला कौतुकाने सांगितलं होतं.

आता धंद्याच्या दृष्टीने वेडेपणाची गोष्ट. जाड वायर मागायला येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना मी ती विकत नाही. ४ वॉटचा सेट बोलताना साधारण दोन अँपिअर घेतो. दहा फुटांवर १८ गेजची बारीक वायर नेली (गेजचा आकडा लहान, तितकी वायर जाड) तर जाऊन-येऊन पाव व्होल्ट पडतो. १२ गेजने तो वाचतो, पण पल्ला वाढत नाही. पल्ला अँटेनाचा असतो, म्हणून मी आधी एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती उलटून येते ते, मोजून देतो. लिनिअर अँप्लिफायरसाठी, म्हणजे सेटची ताकद वाढवणाऱ्या यंत्रासाठी, १० गेज मागणाऱ्याला सरळ नाही म्हणतो, सीबीवर तो बेकायदा आहे. एका मोठ्या ट्रक कंपनीचं काम यावरूनच गेलं. तेव्हा सौ. दोन दिवस बोलली नाही, कारण हिशेब तिच्याकडे.

२०१७ च्या अखेरीस ट्रकांत ड्रायव्हिंगच्या तासांची नोंद ठेवणारे इलेक्ट्रॉनिक लॉग सक्तीचे झाले, डॅशबोर्डवर टॅबलेट आले, तरुण ड्रायव्हर फोनच्या अॅपवर गेले. सीबीची विक्री मंदावली. आमची विक्री मुळात कमीच होती, जगत होतो ते वायरींवर, त्यामुळे फटका सोसला. त्या काळात आम्ही तयार जोडण्या पाकिटात घालून विकायला लागलो: एका टोकाला सेटचा प्लग, दुसऱ्याला पॉवरपोल, मध्ये फ्यूज. मुलगी शनिवारी क्रिम्प करते, माझ्यापेक्षा सफाईने करते, आणि नगावर पैसे घेते.

२०२१ मध्ये सीबीवर एफएम पद्धतीने बोलायलाही परवानगी मिळाली आणि तसे नवे सेट येऊ लागले. जुने ड्रायव्हर आवाज ऐकून खूश आहेत, पण मागचा प्लग बऱ्याच सेटना तोच आहे. बदामाच्या हंगामात बागांतून माल नेणाऱ्या ट्रकांची एकगठ्ठा ऑर्डर असते, तिची पाकिटं सध्या भरतो आहोत.