किटलीचं खापर

प्रदर्शनाचा दुसरा दिवस. दुपारचे २ वाजले तरी भवानी झाली नव्हती. लोक येत होते, कप उलटा करून बूड बघत होते, फोटो काढून पुढे जात होते. कुंभाराच्या चाकावर सलग आठ तास बसून मी कधी एवढी दमले नाही.

मग एक बाई आल्या. त्यांनी सहा कप ओळीत लावले आणि वाकून बघितलं. "हा बुटका आहे. सगळे सारखे का नाहीत?" मी म्हटलं, हाताने केलेत; माती वाळताना आणि भाजताना साधारण १२ टक्के आक्रसते, त्यात उन्नीस-बीस होतंच. त्यांना पटलं नाही. मग किटली उचलून म्हणाल्या, "ही तर साच्यातली दिसते. इतकी गुळगुळीत हाताने होते?"

हे मात्र लागलं. त्या किटलीमागे माझे तीन आठवडे होते. पोट, झाकण, तोटी वेगवेगळी चाकावर काढायची, माती चामड्यासारखी आवळली की जोडायची, कान ओढून बसवायचा. जोड सावकाश वाळला नाही तर तोटीच्या बुडाशी तडा जातो. आधीच्या दोन तशाच गेल्या होत्या. मग १००० अंशांना पहिली भाजणी, ग्लेझ म्हणजे काचेसारखा लेप, आणि १२२० अंशांना दुसरी. हे मी त्यांना सांगत होते. त्यांनी किटली मांडणीवर परत ठेवली.

तेवढ्यात वारा आला. स्टॉलच्या छताच्या चारही पायांना वाळूच्या पिशव्या बांधल्या होत्या, मांडणीला काहीच नव्हतं. ती चूक माझीच. मांडणी कलंडली. अकरा नग गेले, किटलीसुद्धा.

मी खाली बसून तुकडे गोळा करू लागले, तशा त्या बाईही बसल्या. किटलीच्या पोटाचं एक खापर त्यांच्या हातात आलं. बाहेरून गुळगुळीत, पण आतून चाकावर वर चढत गेलेल्या बोटांच्या रेघा. त्यांनी त्या रेघेत आपलं बोट फिरवलं. "ही तुमची बोटं?"

"हो."

मी तुटलेली कड बघत होते. राखाडी, घट्ट, कुठे पोकळी नाही. भाजणी पक्की झाली होती. आणि भिंत बुडापासून गळ्यापर्यंत एकसारखी पातळ. शिकत होतो तेव्हा आम्ही ओली भांडी तारेने उभी कापून हीच भिंत तपासायचो आणि दरवेळी ती बुडाशी जाड निघायची. भाजलेलं भांडं कोण कापतं? इतकी वर्षं मला माझ्या हाताचा अंदाज होता, खात्री नव्हती. डोळ्यांत पाणी होतं आणि मी त्यांना ती कड पुन्हा पुन्हा दाखवत होते.

त्यांनी काही घेतलं नाही. फक्त ते खापर मागितलं. मी त्याची धार दगडावर घासली आणि कागदात गुंडाळून दिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आधी वाळूची एक पिशवी मांडणीच्या खालच्या फळीवर ठेवली, मग कप लावायला घेतले.