अकरा ओळी आणि एक सही

चाळीसेक फाइली बदललेल्या आणि वर संदेश एवढाच : ‘बग काढला’. भारतीय लिप्यांतला मजकूर शोधण्यासाठी लागणाऱ्या एका मुक्त-स्रोत लायब्ररीत, म्हणजे कुणालाही वापरता-सुधारता येणाऱ्या तयार कोडच्या संचात, बाहेरून येणारा कोड मी तपासतो. असला पॅच, म्हणजे पाठवलेला बदल, आला की ‘नियमावली वाचून पुन्हा पाठवा’ अशी ओळ टाकून मी मोकळा होतो. पण हा पाठवणारा निघाला खानापूरचा आणि मी बेळगावात, टिळकवाडीत. म्हटलं, ये लॅपटॉप घेऊन.

तो आला तो वडिलांना घेऊन. त्यांचं डीसी ऑफिसात, म्हणजे जिल्हाधिकारी कचेरीत, जमिनीचं काम होतं, ते आटोपलं, आणि बाहेर जुलैचा पाऊस. दोघंही बसले.

पोरानं पकडलेली चूक मात्र अस्सल होती. कणकुंबी भागाची माहिती असलेल्या एका जुन्या फाइलीत ‘दऱ्या’ शोधलं की काहीच मिळायचं नाही, आणि ‘दर्या’ शोधलं की डोंगरातल्या दऱ्या हजर! त्याचं कारण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या प्रमाण पद्धतीत, आहे. आपला हा अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, नुक्त्याचा ऱ आणि हलंत. आज हीच रीत धरतात. दुसरी जुनी : साधा र, हलंत आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह, झेडडब्ल्यूजे. आमची लायब्ररी शोधण्याआधी अदृश्य चिन्हं गाळून टाकते. जोडचिन्ह गेलं की रफार होतो आणि दऱ्यांचा समुद्र होतो. इतकी वर्षं हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण तपासणाऱ्यांत मराठी टाइप करणारे जेमतेम.

मग चाळीस फाइली कशाला? त्याच्या एडिटरनं सेव्ह करताना सगळीकडचे टॅब काढून स्पेस घातल्या होत्या. जुन्या-नव्या कोडमधला फरक दाखवणाऱ्या गिट डिफ या आज्ञेला डॅश डब्ल्यू लावलं, म्हणजे मोकळ्या जागांचे फरक धरू नकोस असं सांगितलं, तेव्हा स्क्रीनवरचा लाल-हिरवा चिखल ओसरला आणि राहिल्या दोन गोष्टी : दुरुस्तीच्या अकरा ओळी आणि एक लांबलचक फंक्शन, म्हणजे एक ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा. तपासणाऱ्यानं त्या अकरा ओळी चाळीस फाइलींत शोधत बसावं ही अपेक्षाच गैर. एका कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या एका नोंदीत, एकच बदल, हा नियम त्याच्यासाठी आहे. बहुतेक तपासणारे नोकरी सांभाळून रात्री बसतात हो.

मग मूळ फाइली परत आणल्या, अकरा ओळी तेवढ्या घातल्या. संदेश नव्यानं लिहिला : पहिली ओळ पन्नास अक्षरांच्या आत, मग एक रिकामी ओळ, मग बदल का केला ते. काय बदललं ते कोडच सांगतो, ‘का’ मात्र तो सांगत नाही. सोबत एक चाचणी, जुन्या कोडवर नापास आणि नव्यावर पास होणारी. इथवर पोरगं खुशीत होतं.

घोडं अडलं ते लांब फंक्शनपाशी. छपाईसाठीच्या जुन्या डीटीपी फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये आणणारं, काम छान करणारं. पण ते त्यानं इंटर्नशिपमध्ये एका कंपनीसाठी लिहिलेलं होतं.

“मीच लिवलोय की, सर!”

लिहिलं असेल. पण पॅचच्या शेवटी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ म्हणून आपलं नाव घालायचं असतं, आणि त्याचा अर्थ हे मी लिहिलंय एवढाच नाही. या परवान्याखाली हे देण्याचा हक्क मला आहे, असाही आहे. ही ओळ लिनक्स या मुक्त-स्रोत प्रणालीवाल्यांनी २००४ साली आणली. आदल्या वर्षी एससीओ कंपनीनं आयबीएमवर दावा ठोकला होता, आमचा कोड लिनक्समध्ये घातला म्हणून. तेव्हापासून कुठला कोड कुणाच्या हातून आला याची नोंद ठेवायची पद्धत पडली. आमच्याकडे ती सक्तीची आहे, आणि माझ्या मते सगळ्या नियमावलीत सगळ्यात कमी वाचला जाणारा परिच्छेद हाच.

पोराला ते पटेना. हे कोण बघायला येणार, असा त्याचा सूर. इतका वेळ गप्प बसलेले वडील तेव्हा बोलले, “घर मी बांधलो म्हणून जागा माझी हुतीय व्हय रे? उताऱ्यावर नाव कुणाचं, ते बघतात.” डीसी ऑफिसातून नुकताच आलेला माणूस, मी आणखी काही बोललो नाही.

त्यानं तिथूनच कंपनीतल्या साहेबांना फोन लावला. “घे की, त्यात काय!” असं उत्तर आलं. मी म्हटलं, हेच ईमेलवर लिहून द्यायला सांग. तिकडून “बघतो” झालं. फंक्शन वेगळ्या ब्रँचमध्ये, म्हणजे कोडच्या बाजूला ठेवलेल्या प्रतीत, काढून ठेवलं आणि अकरा ओळी तेवढ्या सहीसकट पाठवल्या.

मी शेजारी बसून मदत केलेली, त्यामुळे तपासणी माझ्याकडे नको म्हणून एका सहकारी बाईंकडे दिली. त्यांनी दुसऱ्याच दिवशी पॅच परत केला : ‘दर्या’ शोधल्यावर ‘दऱ्या’ सापडू नयेत, याचीही चाचणी हवी. मागणी रास्त होती, आम्हा दोघांनाही सुचली नव्हती. पोरानं ती रात्री लिहिली आणि आठवड्याभरात बदल मुख्य कोडमध्ये गेला. फंक्शन अजून ब्रँचमध्येच आहे. ईमेल आलेला नाही.