खणाचा शर्ट पुरुषांनी घालायचा तर

खण म्हणजे चोळीचंच कापड, हा समज सोडा. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण पुरुषाच्या शर्टाला झकास दिसतो. "हे तर ब्लाउजपीस!" असं लोक म्हणणारच, म्हणूनच शिलाई चोख हवी.

पन्हा (कापडाची रुंदी) जेमतेम ३१ इंच असेल तर ४० छातीच्या हाफ शर्टाला ३ मीटर कापड घ्या. कापण्याआधी तासभर गार पाण्यात भिजवा. गडद रंग उतरतो, कापडही थोडं आटतं.

खरी मजा काठात आहे. पुढचे दोन्ही भाग असे कापा की काठ बटणपट्टीवर येईल. इथेच घोटाळा होतो: टेलर सवयीने पट्टी आत दुमडतो आणि काठ गायब! त्याला आधीच सांगा, काठ दुमडायचा नाही, मागून सुती पट्टी लावायची. खिसा मुद्दाम वीण आडवी येईल असा लावा, सरळ जुळवलेला खिसा इथे मिळमिळीत दिसतो.

कापडाच्या दशा फार सुटतात, त्यामुळे शिलाईला पाऊण इंच माया (जादा कापड) ठेवून लगेच इंटरलॉक करा. कॉलरला पातळ बकरम (आत घालायचं ताठ कापड) पुरे. जाड घातलं तर कॉलर पुठ्ठ्यासारखी उभी राहते.