साप्ताहिक पत्रक गुरुवारी निघतं, पण ठरतं मंगळवारी

हायस्कूलच्या साप्ताहिक पत्रकातल्या बऱ्याचशा चुका टाइप करताना होत नाहीत, मजकूर गोळा करताना होतात. क्रीडाशिक्षकांनी जिन्यात उभ्या उभ्या सांगितलेली वेळ, ग्रंथालयातून आलेली चिठ्ठी, कुणाचा तरी व्हॉइस मेसेज आणि वर "गेल्या वर्षीचंच टाका, तारीख तेवढी बदला" हा निरोप. या चार वाटांनी आलेला मजकूर कितीही सुबक मांडला तरी पालकांचे फोन यायचे ते येतातच. म्हणून मजकूर यायला एकच दार ठेवायचं: एक फॉर्म. ऑनलाइन असो की कागदी, फॉर्मशिवाय सूचना घ्यायची नाही. अगदी मुख्याध्यापकांची असली तरी.

फॉर्ममध्ये रकाने कमी हवेत, पण एकही रिकामा सोडता येऊ नये. काय आहे, कोणत्या इयत्तेसाठी आणि तुकडीसाठी, वार, तारीख, सुरू होण्याची वेळ, संपण्याची वेळ, ठिकाण, कुणी काय करायचं आणि कधीपर्यंत, शंका कुणाला विचारायची. आणि एक रकाना पत्रकासाठी: ही सूचना किती आठवडे चालवायची. सगळ्यात जास्त वेळा रिकामा येतो तो संपण्याच्या वेळेचा. सराव चारला सुरू होतो हे शिक्षकांना पाठ असतं, पण मुलाला न्यायला कधी यायचं हे पालकांना त्या दुसऱ्या आकड्यावरून कळतं. ऑनलाइन फॉर्म असेल तर हा रकाना सक्तीचा करून टाका, वाद मिटतो.

वेळापत्रक साधं आहे. शुक्रवार हा शेवटचा कामाचा दिवस धरला, तर मंगळवारी शाळा सुटताना फॉर्म बंद, बुधवारी मसुदा, गुरुवारी सकाळी तपासणी आणि दुपारी पत्रक बाहेर. बऱ्याच शाळा शुक्रवारी संध्याकाळी पाठवतात, ते मला पटत नाही. पालक रात्री वाचतात, शंका येते, पण कार्यालय सोमवारपर्यंत बंद. गुरुवारी पाठवलं तर शंका विचारायला, संमतीपत्र छापून घ्यायला एक अख्खा दिवस हातात राहतो. मंगळवारनंतर आलेली सूचना पुढच्या आठवड्यात जाते. हा नियम पहिल्या महिन्यात दोनदा मोडला की कायमचा मोडतो, हे लक्षात ठेवून थोडा वाईटपणा घ्यावा लागतो.

आता "गेल्या वर्षीचंच टाका" या निरोपाकडे. वर्षात बावन्न आठवडे आणि वर एक दिवस असतो. त्यामुळे तीच तारीख पुढच्या वर्षी एक वार पुढे सरकते, मध्ये २९ फेब्रुवारी येऊन गेला असेल तर दोन. जुन्या सूचनेतली तारीख तशीच ठेवली तर वार चुकतो, वार जपला तर तारीख चुकते, आणि घाईत कुणीतरी दोन्हींपैकी एकच बदलतं. "गुरुवार, १४ तारीख" असं छापलं आणि १४ला शुक्रवार असला, की निम्मे पालक वार धरतात, निम्मे तारीख. तरीही वार आणि तारीख दोन्ही छापायचीच. दोन्ही असली की चूक निदान तपासताना सापडते. तपासणाऱ्याने कॅलेंडर उघडून प्रत्येक जोडी बोट ठेवून बघायची, डोक्यात हिशेब करायचा नाही. आणि ज्याने पत्रक टाइप केलं त्याने तपासायचं नाही. आपण लिहिलेलं आपल्याला बरोबरच दिसतं.

काही शब्द पत्रकातून हद्दपार केलेलेच बरे. "उद्या" आणि "परवा" तर नक्कीच, कारण सूचना फॉरवर्ड होत तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी फोनवर पोचते आणि तिथला उद्या वेगळा असतो. "पुढच्या शुक्रवारी" म्हणजे याच आठवड्यातला की त्यानंतरचा, यावर दोन माणसांचं एकमत होत नाही. "१५ तारखेपर्यंत" यात १५ तारीख धरायची का, आणि किती वाजेपर्यंत? "१५ तारखेला दुपारी ३ पर्यंत" लिहिलं की प्रश्नच संपला. ऑनलाइन अर्जाची मुदत "रात्री १२" लिहू नका, ती आदली रात्र की त्या दिवसाची हे कळत नाही. ११:५९ लिहा.

आकड्यांचा एक घोळ मराठी पत्रकाचा खास आहे. एकाच पानावर देवनागरी आणि इंग्रजी आकडे मिसळले की घात होतो. देवनागरी १ इंग्रजी नऊसारखा दिसतो, ७ इंग्रजी सहासारखा आणि ४ इंग्रजी आठसारखा. त्यात लहान टाइपात देवनागरी १ आणि ९ एकमेकांतही मिसळतात, म्हणजे एकची सभा नऊची व्हायला वेळ लागत नाही. पूर्ण पत्रकात एकच पद्धत ठेवा. वेळेच्या आधी "सकाळी", "दुपारी" लिहिलंत तर उरलेली चूकही लगेच लक्षात येते: "दुपारी ९" वाचून कुणी फसत नाही.

भाषेबद्दल. शाळेच्या सूचनेचा ठरलेला साचा आपल्या सगळ्यांच्या हाडात मुरलेला आहे:

"सर्व विद्यार्थ्यांना व पालकांना कळविण्यात येते की, विज्ञान विभागाच्या वतीने आयोजित करण्यात आलेल्या क्षेत्रभेटीचे संमतीपत्र लवकरात लवकर जमा करावे, याची सर्वांनी नोंद घ्यावी."

यात कुठली इयत्ता, कुणाकडे द्यायचं, कधीपर्यंत, भेट कधी, काहीच नाही. नोंद घ्यायची तरी कशाची? तीच सूचना अशी होते:

"नववी, सर्व तुकड्या: क्षेत्रभेट. संमतीपत्र बुधवार, १२ तारखेला दुपारी ३ पर्यंत वर्गशिक्षकांकडे द्या. भेट मंगळवार, १८ तारखेला. सकाळी ८ला शाळेतून निघणार, सायंकाळी ५ला शाळेत परत. संमतीपत्र नसेल तर त्या दिवशी विद्यार्थी शाळेतच, ग्रंथालयात थांबेल. शंका: वर्गशिक्षक."

लांबी थोडी वाढली, पण प्रत्येक वाक्य कुणाच्या तरी फोनचं उत्तर आहे. शेवटून दुसरं वाक्य बहुतेक शाळा गाळतात. मुदत चुकली तर काय होईल हे लिहिलं नसेल, तर मुदत ही विनंती ठरते. इयत्ता नेहमी सुरुवातीला हवी, म्हणजे अकरावीच्या पालकांना ती सूचना तिथेच सोडता येते.

क्रम लावताना विभागांचा मान बघू नका, मुदत बघा. आधी या आठवड्यात काही करायचंय अशा सूचना, सगळ्यात जवळची मुदत सगळ्यात वर. मग नुसत्या लक्षात ठेवायच्या तारखा. मग बातम्या आणि कौतुक. मुख्याध्यापकांचं मनोगत असलंच तर शेवटी. वर ठेवलं तर पालक ते ओलांडून जायला शिकतात आणि त्या सवयीत खालची मुदतही ओलांडली जाते. एका पत्रकात आठ-दहा सूचना पुरेत. मुदतीची सूचना तीनदा यावी: पहिल्यांदा पूर्ण, मुदतीच्या आदल्या आठवड्यात दोन ओळींत, मुदतीच्या आठवड्यात एका ओळीत. सहा आठवडे तशीच्या तशी छापलेली सूचना तिसऱ्या आठवड्यापासून दिसेनाशी होते. नव्या सूचनेपुढे "नवीन" आणि बदललेल्या सूचनेपुढे "बदल" लिहिलं की नियमित वाचणाऱ्याचा वेळ वाचतो.

पाठवण्याच्या माध्यमात अनेक खाचखळगे आहेत. ए-फोर आकाराचं दोन रकान्यांचं पीडीएफ फोनवर उघडलं की वाचणारा बोटांनी मोठं करत डावीकडून उजवीकडे सरकत बसतो. पीडीएफ हवंच असेल तर एकच रकाना आणि मोठा टाइप. पत्रकाचं चित्र करून ग्रुपवर टाकणं तर सगळ्यात वाईट: व्हॉट्सॲप चित्र दाबून लहान करतं, जोडाक्षरं पुसट होतात, मजकूर शोधता येत नाही, त्यातली लिंक दाबता येत नाही, आणि दृष्टिहीन पालकाचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, ते वाचू शकत नाही. मजकूर मजकुरासारखाच पाठवा, आणि युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनला कळणाऱ्या अक्षरसंकेतात. जुन्या फॉन्टात टाइप केलेली फाइल मेलमध्ये चिकटवली की समोरच्याला निरर्थक चिन्हांची रांग दिसते, कारण तो फॉन्ट त्याच्याकडे नसतो. पाठवण्याआधी एकदा स्वतःच्या फोनवर उघडून बघितलं की हे कळतं, पण कार्यालयातल्या संगणकावर सगळं ठीक दिसतंय म्हणून कुणी बघत नाही.

व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी (एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा पाठवायची सोय) २५६ जणांची असते आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. "आम्हाला आलंच नाही" म्हणणारे पालक खोटं बोलत नसतात. ग्रुप १०२४ जणांचा होतो. तो फक्त ॲडमिनने लिहायचा ठेवावा, नाहीतर सूचनेखाली दीडशे नमस्कार जमतात. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. कम्युनिटीच्या (अनेक ग्रुप एकत्र ठेवायच्या व्हॉट्सॲपच्या सोयीच्या) घोषणा ग्रुपमध्ये तो इतर सदस्यांपासून लपलेला असतो, म्हणून शाळेसाठी तो बरा. लांब मेसेज "अधिक वाचा"पाशी तुटतो, तेव्हा पहिल्या चार ओळींत शाळेचं नाव, घोषवाक्य आणि फुलांच्या इमोजी भरू नका. तिथे मुदती हव्यात.

मेल पाठवत असाल तर पत्ते बीसीसीमध्ये, म्हणजे ते एकमेकांना दिसत नाहीत. विषयाच्या ओळीत "साप्ताहिक पत्रक क्र. १४" लिहून काही कळत नाही. "संमतीपत्र बुधवारपर्यंत, शुक्रवारी अर्धा दिवस" लिहिलं तर न उघडताही अर्धं काम होतं. जीमेल १०२ केबीपेक्षा मोठा मेल मध्येच कापतं. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं असल्याने मराठी मेल त्या रेषेपाशी लवकर पोचतो. वर्डमधून चिकटवलेल्या मेलमध्ये अदृश्य कोड खूप असतो, तो काढून साधा मजकूर चिकटवा.

अचानक शाळा सुटणं, बस रद्द होणं यांची जागा पत्रकात नाही, ती एसएमएसमध्ये आहे. देवनागरी एसएमएस ७० चिन्हांचा असतो. त्याहून लांब झाला की तुकडे पडतात, प्रत्येकी ६७ चिन्हांचे. आणि मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगवेगळं मोजलं जातं. "विद्यार्थ्यांनी" या एका शब्दाला १५ चिन्हं जातात, "मुलांनी" सातात भागतं. "शुक्रवार १४: शाळा आज दुपारी १२ला सुटेल. बस १२:१५ला." हा मजकूर ५१ चिन्हांचा, एका मेसेजात बसतो. असे चार-पाच मसुदे शांतपणे आधीच मोजून ठेवा. ऐन वेळी कुणाला मोजायचं सुचत नाही. यात "आज" चालतो, कारण वार-तारीख शेजारीच आहे.

चूक झालीच तर गुपचूप दुरुस्त करू नका. व्हॉट्सॲपवर मेसेज १५ मिनिटांपर्यंत बदलता येतो, पण तोवर ज्याने फॉरवर्ड केला त्याची प्रत जुनीच राहते. नवा मेसेज पाठवायचा, पहिला शब्द "बदल", आणि जुनी तारीख, नवी तारीख दोन्ही लिहायच्या: "पालकसभा गुरुवार, १३ऐवजी सोमवार, १७ला, वेळ तीच, सायंकाळी ५." नुसती नवी तारीख लिहिली तर वाचणाऱ्याला ती दुसरीच सभा वाटते. फाइलचं नाव "पत्रक-अंतिम-नवीन-२" असं नको. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख टाकली की फाइली आपोआप ओळीने लागतात.

कौतुकाच्या बातम्यांमध्ये नाव चुकणं हा एकच गुन्हा अक्षम्य आहे. हजेरीपटावरून नाव घ्या आणि मुलाला एकदा विचारा. फोटो छापण्याआधी संमतीची यादी बघा. ती वर्षाच्या सुरुवातीलाच वर्गवार करून ठेवावी, मागच्या रांगेत अर्धा दिसणारा चेहराही त्यात मोजावा. पूर्ण नाव, तुकडी, फोटो आणि रोज सरावाहून घरी जायची वेळ हे सगळं एकत्र कधी छापू नका. फोटो दस्तऐवज म्हणून पाठवला तर फोनने त्यात नोंदलेलं ठिकाण तसंच राहतं, हेही बघा. गुण, थकलेली फी, गैरहजेरी यांच्या नावानिशी याद्या पत्रकात येता कामा नयेत, कुणाचाही आग्रह असला तरी. निधनवार्ताही पत्रकात नको. स्पर्धेच्या निकालाखाली ती बघणं घरच्यांना जड जातं. ती स्वतंत्रपणे, घरच्यांना विचारून, त्यांनी मान्य केलेल्या शब्दांत.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी छापील प्रत असतेच, पण ती दप्तराच्या तळाशी जाते. फाटकापाशी, पालक थांबतात तिथे, एक प्रत डोळ्यांच्या उंचीवर लावा आणि जुनी काढा. मागच्या महिन्याची तीन पत्रकं फलकावर तशीच असतील तर नवं कुणी शोधत नाही. वर्गात फक्त त्या इयत्तेच्या सूचना वाचाव्यात. दहा सूचना वाचून दाखवल्या तर मुलं दुसरीपाशीच सुटतात.

पत्रक कसं निघतंय हे कळायचा स्वस्त उपाय म्हणजे कार्यालयातल्या फोनशेजारी एक वही. पत्रक गेल्यावर आलेला प्रत्येक प्रश्न एका ओळीत लिहायचा. एकाच सूचनेवर तीन फोन आले तर सूचना नीट लिहिलेली नव्हती. पालकांनी वाचलं नाही असं म्हणून सुटका करून घेऊ नका. पुढच्या मंगळवारी त्या शिक्षकांना वही दाखवा, फॉर्म नीट भरला जायला लागतो.

शेवटचं, वर्षअखेरीचं काम. फॉर्म, पालकांची यादी, संमतीची यादी आणि पत्रकांचं फोल्डर शाळेच्या खात्यावर हवं. एका शिक्षकाच्या खासगी खात्यावर असेल तर बदली झाली की सगळंच त्यांच्याबरोबर जातं. ग्रुपला निदान दोन ॲडमिन ठेवा, शाळा सोडून गेलेल्या मुलांचे पालक काढा, आणि नव्या माणसाला फोल्डरबरोबर ती फोनशेजारची वहीसुद्धा द्या.