एवढं होऊनही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. आणि एकदाच लिहिते, कारण लिफ्टमध्ये, हळदीकुंकवाला, भाजीच्या गाडीपाशी हेच उत्तर तुकड्यातुकड्यांनी देऊन मी थकले आहे. प्रश्न असा: "वॉचमनकाकांचं एवढं होऊनही तुम्ही अजून या माश्यांची बाजू घेता?" आणि त्याला जोडून, जरा समजुतीच्या सुरात, दुसरा: "मधमाश्यांचं एक वेळ ठीक आहे हो, पण गांधीलमाश्या कशाला?"

दुसऱ्यापासून सुरुवात करते. पहिल्यापाशी यायला मला वेळ लागणार आहे.

मध देते म्हणून ठीक, ही अटच मला पटत नाही. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये 'मधाचं गाव' झालं, तेव्हा आपण सगळ्यांनी कौतुक केलं. करावंच. पण तुमच्या गॅलरीतल्या वांग्याच्या फुलापुढे मध देणारी माशी कमी पडते. त्या फुलाचे परागकोश नळीसारखे बंद असतात, टोकाला फक्त बारीक छिद्र. फूल घट्ट धरून अंग थरथरवलं की पराग सांडतो. ते काळ्या भुंग्याला जमतं, निळ्या पट्ट्यांच्या एकट्याने राहणाऱ्या माशीला जमतं, मधमाशीला नाही. सकाळी कुंडीजवळ उभं राहून ऐका. उडताना भुंग्याचा आवाज जाड असतो, फुलाला धरलं की एकदम चढतो.

आणि गांधीलमाशी? ती पानांवरच्या अळ्या उचलते, चावून त्यांचा गोळा करते आणि पिल्लांना भरवते. तुम्ही दर गुरुवारी ज्या उंबराला प्रदक्षिणा घालता, तोही तिच्याच गोतावर जगतो. उंबर फोडू नये, केंबरं निघतात, असं माझी आजी म्हणायची. त्या केंबरांत उंबराची स्वतःची गांधील असते, डासाहून लहान. मादी कोवळ्या उंबराच्या तोंडाच्या फटीतून आत शिरते. शिरताना तिचे पंख तुटतात. आत ती पराग पोचवते, अंडी घालते आणि तिथेच मरते. ती नसेल तर उंबराला बी धरत नाही.

हे मला जन्मापासून ठाऊक नव्हतं. पंधरा वर्षांपूर्वी खिडकीच्या रुळातलं कुंभारणीचं, म्हणजे मातीचं घर बांधणाऱ्या गांधीलमाशीचं, मडकं मी उलथन्याने खरवडून काढलं होतं. आत सात हिरव्या अळ्या होत्या. मेलेल्या नव्हत्या, बधिर होत्या. उलथन्याचं टोक लागलं तशी एक किंचित वळली. मडक्याच्या छताला केसासारख्या धाग्याने एक अंडं टांगलेलं होतं. लहानपणी कीर्तनात ऐकलं होतं, अळी कुंभारणीचा ध्यास घेते आणि शेवटी कुंभारीणच होते. इथे तर कोणा आईने लेकरासाठी शिदोरी भरून ठेवलेली. मी ते सगळं केरात टाकलं आणि दिवसभर मला जेवण गेलं नाही. तिथून हे सुरू झालं.

पण तुम्हाला हे ऐकायचं नाहीये. तुम्हाला तो रविवार हवा आहे.

बी विंगला पाचव्या मजल्याच्या सज्जाखाली दिवाळीनंतर आग्या, म्हणजे मोठ्या, तापट मधमाश्यांचं मोहोळ, येऊन बसला. फेब्रुवारीपर्यंत पोळं परातीपेक्षा मोठं झालं. पेस्ट कंट्रोलचा विषय मीटिंगला आला तेव्हा मी उभी राहिले. सांगितलं की आग्या पेटीत राहत नाही. उचलून दुसरीकडे ठेवणं पेटीत पाळतात त्या सातेरी मधमाश्यांबाबत जमतं, यांच्याबाबत नाही. उन्हाळा तापला की आपणहून जातील. आणि शेवटी माझं नेहमीचं वाक्य: "आपण त्यांना त्रास दिला नाही तर त्या आपल्याला काही करत नाहीत." सगळे गप्प बसले. मीटिंग संपल्यावर गेटपाशी काकांनी विचारलं, "ताई, खुर्ची तिकडं घेऊ का?" त्यांची खुर्ची बरोबर पोळ्याखाली असायची, सावली तिथेच होती. मी म्हटलं, "काही गरज नाही काका."

मार्चमधला रविवार, सकाळचे अकरा वाजले असतील. मी समोरच्या विंगमधून बघत होते. पोळ्यावर लाटा उठायला लागल्या. आग्याच्या माश्या धोका दिसला की एकामागून एक शेपटाकडची बाजू वर उचलतात, काळं पाणी हलावं तशी लाट फिरते. मग मधुबाज आला, पोळ्यांवर जगणारा शिकारी पक्षी. त्याने पंजाने पोळ्याचा एक तुकडा ओरबाडला आणि निघून गेला. त्याला दाट पिसं असतात. खाली काका होते.

त्यांनी हात झाडले. कोणीही झाडेल.

मी चादर घेऊन धावले, त्यांच्या डोक्यावर टाकली आणि ओढत मीटर रूममध्ये नेलं. दार लावल्यावर आत पिकल्या केळ्यांसारखा वास भरला. डंखातून सुटणारा तो वास दुसऱ्या माश्यांना बोलावतो. मोबाईलच्या उजेडात मी नखाने काटे खरवडत होते. माशी गेली तरी काट्यामागची विषाची पिशवी हलत राहते, आणखी विष आत ढकलत राहते. कानामागे एक होती, मोहरीपेक्षा जराशी मोठी, आकसत आणि फुगत. चौतीसपर्यंत मोजले, मग मोजणं सोडलं. काका म्हणाले, "ताई, तुम्ही म्हणाला होता..." पुढचं बोलले नाहीत. त्यांना उलटी झाली.

दोन रात्री हॉस्पिटलमध्ये काढल्या. वाचले. महिनाभरात गावी निघून गेले, ते परत आले नाहीत. मी पैसे पाठवले, त्यांनी घेतले. दोनदा फोन झाला, दोन्ही वेळा त्यांनीच माझ्या तब्येतीची चौकशी करून फोन ठेवला.

नंतर कित्येक आठवडे मी सगळ्यांना सांगत राहिले की पोळ्याला माणसाने हात लावला नव्हता, मग माझं वाक्य खोटं कसं ठरलं? आजही कोणी अंगावर आलं की हेच तोंडात येतं. पण आज उरलेलंही लिहिते. मधुबाज आग्याच्या पोळ्यावर येतो हे मला माहीत होतं. मी त्याचीच वाट बघत होते. कॅमेरा गॅलरीतल्या स्टुलावर तयार होता.

त्या रात्री पेस्ट कंट्रोलच्या कागदावर कमिटीची म्हणून मीही सही केली. सकाळी झाडूवालीने दोन बादल्या भरून माश्या उचलल्या, काही फरशीवर अजून सरपटत होत्या. वाचलेल्या मूठभर चार-पाच दिवस मेणाच्या डागाला धरून बसल्या होत्या. ती सही चूक होती का? काका आठवले की नाही वाटतं. तो डाग दिसला की हो वाटतं. डाग अजून आहे.

तर, एवढं होऊनही बाजू घेता का? घेते. पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, आणि त्याच शहरात आपण कुठलीही माशी दिसली की स्प्रे उचलतो. फांदीवरचं फुलोरी या छोट्या मधमाशीचं तळहाताएवढं पोळं, भिंतीच्या फटीतली डंख नसलेली चिलटाएवढी माशी, जिने मेणाची नळी बांधलेली असते ती, कुंभारीण, भुंगा, सगळ्यांना आग्याची शिक्षा. मला याचाच राग येतो. आणि मी केलं ते याच्याच उलट होतं: त्या चिलटाएवढ्या माशीवरची माया आग्याला लावली. आग्या आग्याच आहे. मीही त्याला 'माश्या' या एका शब्दात कोंबलं होतं.

बी विंगला आता पावसाळ्यातच, त्या यायच्या आधी, सज्जाखाली जाळी लावतात. ती सूचना माझी. त्याबद्दलही मला दोन बाजूंनी बोलणी बसतात.

गेल्या आठवड्यात पलीकडच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. पाण्याच्या टाकीखाली आग्या बसलाय, ठेवायचा की काढायचा, तुम्ही सांगाल ते करू. पूर्वी मी लगेच माझं वाक्य सांगितलं असतं. मी विचारलं, "खाली कोण बसतं?"

"कोणी नाही. मुलांचा झोपाळा आहे फक्त."

म्हटलं, झोपाळा आजच्या आज हलवा. पुढे काय सांगावं ते सुचेना. सकाळी येऊन बघते म्हटलं आणि फोन ठेवला.